रोमच्या रस्त्यांवरून कोकणच्या किनाऱ्याकडे

स्वतंत्र भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव 24 जानेवारी 1952 रोजी मुंबईत सुरू झाला. केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने तो भरवला होता आणि 23 देशांनी आपले चित्रपट पाठवले होते. 1 फेब्रुवारीला मुंबईतला मुक्काम संपवून महोत्सव पुढे मद्रास, दिल्ली, कलकत्त्याला गेला. चाळीसेक कथापट आणि शंभरेक लघुपट त्यात होते. अमेरिका, रशिया, जपान अशा मातब्बर देशांनी हजेरी लावली होती, तरी बोलबाला झाला तो इटलीचा. व्हित्तोरिओ डी सिका यांचे ‘बायसिकल थीव्ह्ज’ आणि ‘मिरॅकल इन मिलान’, रोबेर्तो रोसेलिनी यांचा ‘रोम, ओपन सिटी’ हे तीन चित्रपट मुंबईकरांनी पाहिले आणि इथल्या चित्रपटवाल्यांच्या मनात मोठी खळबळ माजली.

मराठी पडद्याला माणसाच्या मनाचं वावडं होतं असं मुळीच नाही. व्ही. शांताराम यांनी प्रभातसाठी ‘कुंकू’ 1937 मध्ये आणि ‘माणूस’ 1939 मध्ये केला होता. जरठ नवऱ्याशी लग्न लावून दिलेल्या मुलीचा संताप आणि वेश्येच्या प्रेमात पडलेल्या पोलीस शिपायाची घालमेल हे विषय त्या काळात धाडसाचेच होते. तरीही आपल्या बहुतेक चित्रपटांत पात्राला काय वाटतंय ते संवाद सांगत, उरलेलं गाणं सांगे. इटलीहून आलेल्या चित्रपटांत पात्रं फारसं बोलतच नव्हती. ती चालत होती, शोधत होती, वाट बघत होती, आणि त्यांच्या पोटातली कालवाकालव प्रेक्षकाला दिसत होती.

सायकल, टोपी आणि बापाचा हात

‘बायसिकल थीव्ह्ज’ 1948 चा. महायुद्धानंतरचा रोम. बेकार अंतोनिओ रिचीला भिंतींवर पोस्टरं चिकटवायचं काम मिळतं. अट एकच, स्वतःची सायकल हवी. सायकल तर गहाण पडलेली. बायको मारिया पलंगावरच्या चादरी ओढून काढते, गाठोडं बांधते, गहाण टाकते आणि सायकल सोडवून आणते. कामाच्या पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. मग बाप आणि त्याचा लहानगा ब्रूनो रोमभर तिचा शोध घेत वणवण हिंडतात. गोष्ट एवढीच.

गहाणवटीच्या दुकानातला प्रसंग बघा. कारकून चादरींचं गाठोडं घेऊन फळ्यांवर चढत जातो. छतापर्यंत लोकांच्या चादरींची गाठोडी रचलेली आहेत. तो आणखी वर चढतो आणि तिथे हे नवं गाठोडं ठेवतो. रिची नुसता बघत राहतो. एक शब्द नाही. आपल्यासारखी किती घरं उघडी पडली आहेत हे त्याला उमगतं आणि त्याच क्षणी आपल्यालाही उमगतं.

शेवटाकडे हताश झालेला रिची पोराला ट्रॅमने पुढे जायला सांगतो आणि भिंतीशी लावलेली एक सायकल पळवतो. लोक धावून त्याला पकडतात, थपडा मारतात, त्याची टोपी खाली पडते. ब्रूनोची ट्रॅम चुकलेली असते, त्यामुळे हे सगळं तो पाहतो. गर्दीतून वाट काढत तो येतो, टोपी उचलतो, तिच्यावरची धूळ झटकतो. सायकलच्या मालकाची नजर त्या पोराकडे जाते आणि तो रिचीला सोडून देतो. बापलेक गर्दीतून चालू लागतात. बापाचे डोळे भरून येतात आणि ब्रूनो त्याचा हात धरतो.

गरिबी माणूस सोसतो. आपल्या पोराने आपल्याला चोर म्हणून पाहिलं, हे सोसत नाही. दारिद्र्याचं वर्णन पुष्कळांनी केलं होतं. डी सिका आणि त्यांचे पटकथाकार चेझारे झावात्तिनी यांनी दारिद्र्यातून येणारी लाज दाखवली. रिचीची भूमिका करणारे लाम्बेर्तो माज्जोरानी हे व्यवसायाने कारखान्यातले कामगार होते, नट नव्हते.

ही लाज कोकणाला परकी नव्हती. आजचा रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा जिल्हा होता, त्याचं नाव 1981 मध्ये बदललं. रेवस-धरमतरहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरायचं, गिरणीत नाहीतर गोदीत चिकटायचं, गाळ्यात दहाजणांत पथारी टाकायची आणि गावी मनीऑर्डर पाठवायची, हा इथल्या घराघरांतल्या चाकरमान्याचा जीवनक्रम होता. नोकरी सुटली तर रिकाम्या हाताने गावी कोणत्या तोंडाने जायचं, हा प्रश्न त्याच्या उशाशी कायम असे. रोमच्या रिचीची गोष्ट मुंबईत लागू पडली त्याचं एक कारण इथे आहे.

जॉन चाचाचं गाव

महोत्सवाचा परिणाम लगेच दिसला. बिमल रॉय आणि त्यांचे सहकारी हृषीकेश मुखर्जी हे चित्रपट पाहून अस्वस्थ झाले. आपण असं का करू नये, या प्रश्नातून 1953 चा ‘दो बिघा जमीन’ उभा राहिला. जमीन वाचवायला कलकत्त्याला जाऊन हातरिक्षा ओढणारा शंभू बलराज साहनींनी केला. त्याच्या पाठोपाठ मुलगाही शहरात येतो. बाप राबतो, पोर बघतं, आणि पोराच्या डोळ्यांतून बाप मोजला जातो. रिची-ब्रूनोचं नातं इथे भारतीय मातीत रुजलं. 1954 मध्ये कान महोत्सवात या चित्रपटाचा आंतरराष्ट्रीय पारितोषिकाने गौरव झाला.

त्याच वर्षी राज कपूर यांच्या संस्थेचा ‘बूट पॉलिश’ आला. डी सिकांनी 1946 मध्ये बूट पॉलिश करणाऱ्या दोन मुलांवर ‘शूशाईन’ केला होता, त्याची आठवण यावी असाच विषय. भोला आणि बेलू ही भावंडं. त्यांना भीक मागायला लावणारी काकू आणि कष्ट करून खा असं शिकवणारा लंगडा जॉन चाचा. जॉन चाचाच्या भूमिकेसाठी डेव्हिड यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

डेव्हिड यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. ते बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. या समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले. घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. मराठी त्यांची घरची भाषा झाली आणि राहत्या गावांवरून आडनावं पडली. चेऊल म्हणजे आपलं चौल. रोमहून निघालेल्या या विचाराला मुंबईच्या पडद्यावर मिळालेला एक सर्वांत माणुसकीचा चेहरा असा रायगडच्या किनाऱ्याशी जोडलेला आहे, हे इथल्या वाचकांनी अभिमानाने लक्षात ठेवावं.

रोसेलिनी कोळीवाड्यात

डिसेंबर 1956 मध्ये खुद्द रोसेलिनी मुंबईत आले. जवाहरलाल नेहरूंनी त्यांना भारतावर चित्रपट करायचं निमंत्रण दिलं होतं. सोनाली दासगुप्ता या विवाहित भारतीय स्त्रीशी जुळलेल्या त्यांच्या संबंधांमुळे वर्तमानपत्रांनी इतका गहजब केला की चित्रपटाची चर्चा मागेच पडली. तो सगळा काळ मराठी पत्रकार दिलीप पाडगावकर यांनी ‘अंडर हर स्पेल’ या 2008 च्या इंग्रजी पुस्तकात उभा केला आहे.

या मुक्कामातून ‘इंडिया: मातृभूमी’ हा 1959 चा चित्रपट आणि दूरचित्रवाणीसाठी दहा भागांची मालिका तयार झाली. त्या मालिकेतला एक भाग वर्सोव्याच्या कोळीवाड्यावर आहे. वसईपासून मुंबई, उरण, रेवस, मुरुडपर्यंत पसरलेला सोनकोळी समाज एकाच किनाऱ्याचा. तेव्हा जे वर्सोव्याचं, तेच थोड्याफार फरकाने वरसोलीचं आणि राजपुरीचं.

रोसेलिनींचं मोठेपण त्यांच्या नजरेत होतं. ‘जर्मनी, इयर झिरो’ या 1948 च्या चित्रपटात त्यांनी बर्लिनच्या ढिगाऱ्यांत हिंडणारा बारा वर्षांचा एडमंड दाखवला. दुबळ्यांना जगायचा हक्क नाही, हे मोठ्यांचं बोलणं खरं मानून तो आजारी बापाला विष देतो आणि पुढे स्वतः जीव देतो. मरण्यापूर्वी तो पडक्या इमारतींत एकटाच लहान मुलासारखा खेळत राहतो. युद्धाने पोराच्या मनाचं काय केलं हे समजायला आणखी काही लागत नाही. हा चित्रपट रोसेलिनींनी आपल्या रोमानो या मृत मुलाला अर्पण केला आहे.

स्वप्नांची वही

1950 नंतर इटलीत सुबत्ता येऊ लागली आणि चित्रपटाचा रोख बदलला. पोटाची भ्रांत मिटलेल्या माणसाला आतून काय पोखरतं, हा नवा प्रश्न होता. मिकेलांजेलो अंतोनिओनी यांच्या ‘लाव्हेंतुरा’त एक तरुणी सहलीला गेलेल्या बेटावरून नाहीशी होते. ती शेवटपर्यंत सापडत नाही. तिला शोधणारे तिचा प्रियकर आणि मैत्रीणच एकमेकांत गुंततात, आणि हरवलेलीचा विसर पडत चालल्याची बोच त्यांना छळत राहते. 1960 मध्ये कानमध्ये प्रेक्षकांनी या चित्रपटाची हुर्यो उडवली, आणि त्याच महोत्सवात त्याला परीक्षकांचं विशेष पारितोषिकही मिळालं.

फेदेरिको फेलिनी तर थेट मानसशास्त्राच्या दारात गेले. कार्ल युंग यांच्या विचारांचे रोममधले मनोविश्लेषक एर्न्स्ट बर्नहार्ड यांच्याकडे ते जात. त्यांच्याच सांगण्यावरून ते आपली स्वप्नं चित्रांसह वहीत उतरवू लागले. 1963 चा ‘एट अँड अ हाफ’ या पार्श्वभूमीवर आला. सुरुवातीलाच नायक ग्विदो बोगद्यातल्या वाहनांच्या कोंडीत अडकला आहे. गाडीत धूर भरतोय, काच खाली होत नाही, शेजारच्या गाड्यांतले लोक थंडपणे बघताहेत. तो कसाबसा बाहेर पडतो आणि वर तरंगू लागतो. तेवढ्यात समुद्रकिनाऱ्यावरून कोणीतरी त्याच्या पायाला बांधलेली दोरी खेचतं आणि तो खाली कोसळतो. चित्रपट सुचत नसलेल्या दिग्दर्शकाची घुसमट, पळून जायची इच्छा आणि लोकांनी पायात अडकवलेल्या अपेक्षा, सगळं काही त्या एका स्वप्नात येतं.

हे चित्रपट महाराष्ट्रात पोचले ते संस्थांच्या वाटेने. 1960 मध्ये पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. 1964 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं आणि पी. के. नायर यांनी जगभरच्या चित्रपटांच्या प्रती हरप्रयत्नाने जमवल्या. सतीश बहादूर यांनी विद्यार्थ्यांना एकेक दृश्य सुटं करून चित्रपट वाचायला शिकवलं. मुंबईत 1968 मध्ये प्रभात चित्र मंडळ स्थापन झालं. सुधीर नांदगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही फिल्म सोसायटीची चळवळ मराठी माणसांपर्यंत नेली, मंडळाच्या ‘रूपवाणी’ या नियतकालिकातून चित्रपटांवर मराठीत लिहायची शिस्त लावली. मानसशास्त्राच्या अभ्यासक श्यामला वनारसे यांनी रसास्वादाच्या वर्गांतून पिढ्या घडवल्या. अरुण खोपकर यांनी 1985 मध्ये ‘गुरुदत्त: तीन अंकी शोकांतिका’ लिहिलं. ‘प्यासा’, ‘कागज के फूल’ आणि ‘साहिब बीबी और गुलाम’मधल्या प्रकाश-सावल्यांतून कलावंताचं मन कसं वाचावं, याचा तो मराठीतला वस्तुपाठ आहे. त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

लिंगोबाचा डोंगर

या वातावरणात 1977 मध्ये जब्बार पटेल यांचा ‘जैत रे जैत’ आला. गो. नी. दांडेकर यांची मूळ कादंबरी कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकरांवरची. पनवेलहून पेणकडे निघालं की अंगठ्यासारखा वर आलेला कर्नाळ्याचा सुळका दिसतो, तोच या गोष्टीतला लिंगोबा. त्याच्या कड्यांना आग्या मोहोळाची पोळी लागलेली.

भगताचा मुलगा नाग्या लहानपणापासून एक गोष्ट मनाशी धरून बसला आहे: जो पुण्यवंत, त्यालाच राणी माशी दिसते. तो जपून, निर्मळ राहतो, ढोल वाजवतो, देवावर भरवसा ठेवतो. आणि त्याच माश्या त्याच्यावर तुटून पडतात, त्याचा एक डोळा जातो. इथून त्याच्या मनात जे पेटतं त्याला नुसता सूड म्हणून चालणार नाही. इतकं चांगलं वागून माझ्याच वाट्याला हे का, असा दैवाला विचारलेला तो प्रश्न आहे. लिंगोबाचं मोहोळ झाडून काढायचंच, हे वेड तो घेतो. नवऱ्याला सोडून आलेली चिंधी त्याच्या वेडात आपला जीव ओतते. शेवटी पोळी उतरतात, पण चिंधी हाती उरत नाही.

हा चित्रपट ना. धों. महानोरांच्या शब्दांनी आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या संगीताने भरलेला आहे, त्याची जातकुळी लोकनाट्याची आहे. इटलीची नक्कल असं त्याला म्हणणं अन्यायाचं होईल. साम्य आहे ते पद्धतीत. डोंगर हा नुसता देखावा नाही, तो नाग्याच्या मनाचा भाग आहे. चिंधी झालेल्या स्मिता पाटील यांच्याबद्दल खूप लिहिलं गेलं. नाग्या करणारे मोहन आगाशे हे पेशाने मानसोपचारतज्ज्ञ, ही गोष्ट मला तितकीच महत्त्वाची वाटते. रुग्णाशी बोलणारा डॉक्टर ठाकराच्या पोराचं झपाटलेपण कुठल्याही आक्रस्ताळेपणाशिवाय उभं करतो.

पुढे याच आगाशेंनी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्याबरोबर मनाच्या आजारांवरचे चित्रपट केले. ‘अस्तु’मध्ये ते स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री आहेत. रस्त्यात हत्ती दिसतो आणि शास्त्रीबुवा गाडीतून उतरून त्याच्या मागे चालू लागतात. विद्वत्ता विरून गेलेला म्हातारा आणि त्याला धरून ठेवणारं मुकं जनावर. इथे डी सिकांचा ‘उंबेर्तो डी’ आठवल्याशिवाय राहत नाही. त्या 1952 च्या चित्रपटात पेन्शनीत न भागणारा म्हातारा आणि त्याचा फ्लाइक नावाचा कुत्रा आहे, आणि ती भूमिका करणारे कार्लो बात्तिस्ती खरोखरच भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते. उंबेर्तो एकदा भीक मागायला तळहात पुढे करतो. कोणीतरी पैसे द्यायला थांबतं, तेवढ्यात तो हात उलटा करतो, पाऊस पडतोय का बघत असल्यासारखा. माणसाची अब्रू किती चिवट असते, हे त्या मनगटाच्या एका हालचालीत आहे.

2016 च्या ‘कासव’मध्ये जगण्याचा कंटाळा आलेला एक तरुण आणि स्वतः नैराश्यातून सावरत असलेली जानकी कोकणच्या किनाऱ्यावर एकत्र येतात. आगाशेंचे दत्ताभाऊ तिथे कासवांची अंडी राखतात. अंडी घालून मादी समुद्रात परत जाते, पिल्लं आपली आपण पाण्याकडे सरकतात, त्यांना वाट मोकळी ठेवायची एवढंच माणसाचं काम. उपचार म्हणजे काय, हे इथे वाळूवर दिसतं. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. ‘श्यामची आई’पासून मोजलं तर हा मान मिळवणारा तो पाचवा मराठी चित्रपट. रायगडच्या दिवेआगर-हरिहरेश्वरच्या वाळूतही दर वर्षी ही कासवं येतात, तेव्हा या गोष्टीचं मर्म इथल्या माणसाला उलगडून सांगावं लागू नये.

पिवळा धूर

अंतोनिओनींचा ‘रेड डेझर्ट’ 1964 चा, त्यांचा पहिला रंगीत चित्रपट. राव्हेन्ना या किनारपट्टीवरच्या शहराभोवती रासायनिक कारखाने उभे राहिले आहेत. ज्युलियाना अपघातानंतर सावरलेली नाही. तिला रस्ते, भिंती, फळंसुद्धा राखाडी दिसतात, आणि ते दिसावं म्हणून अंतोनिओनींनी खरी झाडंझुडपं रंगवून घेतली होती. शेवटी तिचा लहान मुलगा कारखान्याचा पिवळा धूर बघतो. तो विषारी आहे, पण पाखरं आता त्यातून उडायचं टाळायला शिकली आहेत, असं ती त्याला समजावते.

हा चित्रपट आज रायगडच्या किनाऱ्यावर बसून बघावा. 1980 च्या दशकात थळला खतांचा कारखाना आला. न्हावा-शेव्याचं बंदर 1989 मध्ये सुरू झालं. त्याआधी, 1984 च्या जानेवारीत, जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलचा शेतकरी उठला आणि जासईच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. 12 जानेवारी 2024 पासून शिवडी ते न्हावा-शेवा हा 21.8 किलोमीटरचा अटल सेतू आहे. मिठागरं गेली, भातशेती गेली, बंगले आले, पैसाही आला. या उलथापालथीची आकडेवारी सरकारी दप्तरात मिळेल. जमीन विकल्यावर रिकाम्या बसलेल्या बापाकडे त्याचा मुलगा कोणत्या नजरेने बघतो, खाडीतली मासळी आटल्यावर कोळणीला घरात काय वाटतं, हे कोणत्याही दप्तरात मिळणार नाही.

डी सिकांनी एका सायकलवर ते करून दाखवलं. रोसेलिनींनी ढिगाऱ्यांत कॅमेरा नेला. त्यांच्याकडे पैसा नव्हता, स्टुडिओ धड नव्हते, नट रस्त्यावरचे होते. आज अलिबाग, पेण, उरण, श्रीवर्धनच्या मुलांच्या खिशातल्या फोनमध्ये त्यांच्यापेक्षा सोयीचा कॅमेरा आहे. त्यांनी हे जुने इटालियन चित्रपट बसून, पुन्हा पुन्हा पाहावेत. कॉलेजांनी आणि वाचनालयांनी फिल्म सोसायट्या सुरू करून ते दाखवावेत. आणि मग या मुलांनी आपल्याच गावात कॅमेरा लावावा, माणसांना कमी बोलू द्यावं आणि त्यांच्याकडे नीट बघावं. रायगडच्या किनाऱ्यावर गोष्टींची वाण नाही. त्या मनाच्या बाजूने सांगणाऱ्यांची आहे.